शिपिंग किती लावायचं? घरून विकणाऱ्यांसाठी सरळ हिशेब

घरून मसाले, फराळ, साड्या किंवा हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्यांचा मालाचा हिशेब बहुतेक वेळा चोख असतो. बेसन किती रुपयांचं, तूप किती लागलं, मदतनीस बाईंना किती दिले, सगळं तोंडपाठ असतं. शिपिंगचा आकडा मात्र अंदाजपंचे ठरतो. ओळखीतल्या काकू साठ रुपये घेतात म्हणून आपणही साठ. मोठ्या साइटवर डिलिव्हरी फ्री मिळते म्हणून आपणही फ्री. मग विक्री वाढूनही हातात पैसे का उरत नाहीत ते कळत नाही. दुसऱ्या टोकाला, भीतीपोटी सरसकट शंभर रुपये लावणारेही आहेत. त्यांच्याकडून दोन स्टेशनं पलीकडची गिऱ्हाईक बाई शिपिंग बघूनच निघून जाते.

मला यात एकच कसोटी पटते. पार्सलचा जो खर्च ज्याच्यामुळे होतो, तो शक्य तितका त्याच्याकडूनच घ्यावा आणि ऑर्डर देण्याआधी त्याला सांगावा. लांबच्या गिऱ्हाइकाचं ओझं जवळच्यावर टाकू नये. पार्सल परत पाठवणाऱ्याचा भुर्दंड आगाऊ पैसे भरणाऱ्याने सोसू नये. आणि विकणाऱ्या बाईने स्वतःच्या खिशातून कुरिअर कंपनीचं बिल भरू नये. हे जमवायचं तर आधी कुरिअरवाला पैसे कशाचे घेतो ते समजायला हवं.

वजन दोन प्रकारचं असतं

समजा, डोंबिवलीत एक ताई घरून फराळ विकतात. एक किलो बेसनाचे लाडू २२ × १८ × १२ सेंटिमीटरच्या खोक्यात बसतात. काट्यावर खोक्यासकट सव्वा ते दीड किलोच्या मध्ये काहीतरी भरतं. एक किलो पातळ पोह्यांच्या चिवड्याला मात्र ३० × २५ × १५ चा खोका लागतो. काट्यावर दोन्ही पार्सलं जवळपास सारखीच. तरी चिवड्याचं बिल जास्त येतं, आणि ताईंना वाटतं की कुरिअरवाल्याने फसवलं.

फसवलेलं नसतं. एसटीच्या टपावर कापसाचं बोचकं टाकलं तर ते हलकं असलं तरी चार बॅगांची जागा अडवतं, तसंच इथे. कुरिअरची गाडी बऱ्याचदा वजनाने भरण्याआधी जागेने भरते. म्हणून कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोमधलं व्हॉल्युमेट्रिक वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त असेल त्यावर बिल लागतं. काही कंपन्या ५००० ऐवजी त्याहून लहान आकड्याने भागतात, तेव्हा वजन आणखी फुगतं. दरपत्रकात हा भाजक आधी शोधा, दर नंतर बघा.

आता लाडवाचा गुणाकार करू. २२ × १८ × १२ म्हणजे ४७५२. भागिले ५००० केलं की एक किलोच्या आत. म्हणजे बिल काट्यावरच्या वजनावर. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे लाडू दीड किलोच्या टप्प्यात बसले. चिवड्याचं बघा: ३० × २५ × १५ म्हणजे ११,२५०, भागिले ५००० म्हणजे सव्वादोन किलो. टप्पा अडीच किलोचा. सव्वा-दीड किलोच्या पार्सलसाठी अडीच किलोचे पैसे.

याच चिवड्याच्या पिशव्या आडव्या, नीट चपट्या लावून खोका १२ सेंटिमीटर उंचीचा घेतला, तर गुणाकार ९००० होतो, वजन १.८ किलो आणि टप्पा दोन किलोचा. उंची तीन सेंटिमीटरने उतरली आणि अर्ध्या किलोचा दर वाचला. शिपिंग कमी करायचं असेल तर कुरिअरवाल्याशी घासाघीस करण्याआधी खोकेवाल्याकडे जावं, असं मी सांगते ते यासाठी. दोन-तीन मापांचे खोके ठेवायचे आणि प्रत्येक जिनसाला कोणता खोका हे भिंतीवर लिहून ठेवायचं. हाताला लागला तो खोका घेतला की पैसे हवेचे जातात.

मसालेवाल्यांसाठी टप्प्यांची आणखी एक गंमत आहे आणि ती जपून बघण्यासारखी आहे. गोड्या मसाल्याचं अर्ध्या किलोचं पाकीट ही आपली जुनी सवय. पण ५०० ग्रॅम मसाला, वर पिशवी, वर पाकीट, टेप आणि लेबल मिळून वजन ५५० च्या आसपास जातं. म्हणजे पार्सल अर्ध्या किलोच्या टप्प्यात कधीच बसत नाही, दरवेळी एक किलोचा दर लागतो. पाकीट ४०० ग्रॅमचं केलं तर सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आत राहतं. दोन पाकिटांच्या जोडीचंही तसंच. ५०० ची जोडी दीड किलोच्या टप्प्यात जाते, तर ४५० ची जोडी नीट बांधली तर एक किलोत बसते. पाकिटाचं माप आपण स्वयंपाकघराच्या सवयीने ठरवतो. पार्सलने विकायचं असेल तर ते काट्याच्या सवयीने ठरवावं.

एक काळजी घ्या. कुरिअरच्या हबमध्ये पार्सल पुन्हा मोजलं जातं. तुम्ही लिहिलेल्या वजनापेक्षा तिथे जास्त भरलं की फरकाचे पैसे वॉलेटमधून, म्हणजे कुरिअरकडच्या तुमच्या आगाऊ भरलेल्या खात्यातून, आपोआप कापले जातात. कधी मशीनचं मोजमाप चुकतं, कधी खोका फुगलेला असतो. तक्रार करायला मुदत थोडी असते आणि पुरावा लागतो. म्हणून पार्सल काट्यावर ठेवलेलं असताना आकडा दिसेल असा एक फोटो, आणि टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढायची सवय लावा. एकाच मापाचे खोके वापरत असाल तर दरवेळी काढायचीही गरज नाही, प्रत्येक मापाचा एक संच पुरतो.

अंतराचं काय

वजनानंतर येतो झोन. शहरातल्या शहरात, राज्यात, मोठ्या शहरातून मोठ्या शहरात, उरलेला देश, आणि सगळ्यात शेवटी ईशान्येकडची राज्यं व जम्मू-काश्मीर. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, उतरंड साधारण हीच. दुर्गम पिनकोडला वेगळी रक्कम लागते तेही असतं.

सरासरी काढताना इथे नेहमीची गफलत होते. समजा, ताईंना अर्ध्या किलोच्या पार्सलला जीएसटीसकट असे दर पडतात: मुंबई-ठाणे परिसर ४५ रुपये, उरलेला महाराष्ट्र ६०, दिल्ली-बंगळुरूसारखी शहरं ७५, ईशान्य भारत ११०. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. चारही दरांची बेरीज करून चारने भागलं तर साडेबाहत्तर येतात. अनेक जण तेवढंच धरतात, आणि ते चूक आहे, कारण गिऱ्हाइकं चारही झोनमध्ये सारखी वाटलेली नसतात.

मागच्या शंभर पार्सलांची यादी काढा. ताईंची समजा ५० पार्सलं मुंबई-ठाण्यात, ३० उरलेल्या महाराष्ट्रात, १५ मोठ्या शहरांत आणि ५ ईशान्येकडे गेली. मग खर्च असा: २२५०, १८००, ११२५ आणि ५५०. एकूण ५७२५, म्हणजे पार्सलमागे सव्वासत्तावन्न रुपये. साडेबाहत्तर आणि सव्वासत्तावन्न यांतला फरक गिऱ्हाइकाला लगेच जाणवतो.

यात खोका, टेप, बबल रॅप, लेबल यांचे पैसे मिळवा. पार्सलमागे १८ रुपये धरू. पण काचेच्या बरणीतलं लोणचं पाठवणाऱ्यांना एवढ्यात भागणार नाही, त्यांनी खरा आकडा धरावा. साधारण ७५ रुपये झाले. पूर्ण देशासाठी सरसकट ७५ लावले तर ताईंचा खर्च भरून निघतो, पण न्याय होत नाही. डोंबिवलीहून कल्याणला जाणाऱ्या पार्सलचा खरा खर्च ६३ असताना ती बाई ७५ भरते, आणि गुवाहाटीच्या पार्सलला १२८ खर्च येत असताना तिथला गिऱ्हाईकही ७५ च भरतो. दर वेळी जवळच्यांनी लांबच्याला वर्गणी दिल्यासारखं होतं.

सगळे झोन वेगळे लावणं हा दुसरा टोकाचा मार्ग. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणाऱ्याला ते झेपत नाही, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पिनकोड विचारून मग दर सांगितला तर निम्म्या ऑर्डरी तिथेच गळतात. मला दोन दरांचा मार्ग सगळ्यात बरा वाटतो. वरचेच आकडे घेतले तर महाराष्ट्रातल्या ८० पार्सलांना कुरिअर आणि खोका मिळून सरासरी साडेअडुसष्ट रुपयांच्या थोडं वर पडतात, बाहेरच्या २० पार्सलांना एकशे दोनच्या जवळपास. म्हणून महाराष्ट्रात ७०, बाहेर १००. शंभर पार्सलांचे ७६०० रुपये जमतात आणि ७५२५ खर्च होतात. नफा नाही, तोटा नाही. सांगायला सोपं आणि गिऱ्हाइकालाही पटतं. वजन वाढलं की दोन्ही दर टप्प्याटप्प्याने वाढतील, तेवढं दरपत्रक एका चौकटीत बसतं.

कुरिअरचे दर बदलले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. पोस्टाचंही दरपत्रक हाताशी असू द्या. खेड्यापाड्यातल्या पिनकोडला पोस्ट पोहोचतं, तिथे खासगी कुरिअर कधी नाही म्हणतं, कधी जास्त मागतं. पोस्टाचं रजिस्टर करायची ज्यांना सवय होती त्यांनी लक्षात ठेवावं की २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे.

फ्री शिपिंग कधी परवडतं

मोठ्या कंपन्यांना रोजच्या लाखो पार्सलांमुळे जो दर मिळतो तो घरून विकणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे त्यांचं बघून प्रत्येक ऑर्डरला फ्री देणं हा छोट्या विक्रेत्याने स्वतःवर लादलेला दंड आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला फ्री देणं मात्र शहाणपणाचं ठरू शकतं. ठरू शकतं, कारण ते तुमच्या मार्जिनवर, म्हणजे मालावर किती सुटतं त्यावर आहे.

ताईंची नेहमीची ऑर्डर ६०० रुपयांची असते आणि मालावर ४० टक्के सुटतात असं धरा. शिपिंग गिऱ्हाईक देतं, त्यामुळे हातात २४० राहतात. आता ‘१००० च्या वर शिपिंग फ्री’ असं ठेवलं आणि गिऱ्हाइकाने ऑर्डर हजारापर्यंत वाढवली. ४०० रुपये सुटले. पार्सल जड झालं म्हणून शिपिंगला ११० गेले, उरले २९०. गिऱ्हाईकही खूश, ताईही ५० रुपयांनी पुढे.

हेच गणित दुसऱ्याकडून माल आणून २० टक्क्यांवर विकणाऱ्यासाठी करा. ६०० च्या ऑर्डरला १२० सुटत होते. हजाराच्या ऑर्डरला २०० सुटतील, त्यातून ११० गेले की ९०. ऑर्डर मोठी झाली आणि कमाई घटली. एकाच आकड्याची पाटी दोन दुकानांत लावली तर एक तरतं, दुसरं बुडतं. म्हणून फ्री शिपिंगची रक्कम दुसऱ्याचं बघून ठरवू नका.

काही जण शिपिंग मालाच्या किमतीत मिसळतात आणि वर ‘फ्री’ लिहितात. एक नग विकणाऱ्याला ते चालून जातं. पण तीन पाकिटं घेणाऱ्याकडून तीनदा शिपिंग वसूल होतं, पार्सल मात्र एकच जातं. मला हे बरोबर वाटत नाही, आणि जाणकार गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येतं. शिवाय पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर विक्रीची किंमत तिच्यावर नेता येत नाही, मग मिसळायला जागाच उरत नाही.

सीओडीचं खरं बिल

सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी), म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे देण्याची पद्धत गिऱ्हाइकाला भरवशाची वाटते, आणि नव्या विक्रेत्याबद्दल शंका असणं रास्तच आहे. पण तिचा खर्च लोक फार कमी धरतात. कुरिअर सीओडीची वेगळी फी घेतं, ती ४० रुपये धरू. खरा फटका पार्सल परत आल्यावर बसतो. फोन उचलला नाही, घरी कोणी नव्हतं, मन बदललं, की पार्सल परत फिरतं आणि जाण्याचे तसेच येण्याचेही पैसे विक्रेत्याला लागतात.

दहा सीओडी पार्सलांतली दोन परत आली असं समजा. प्रत्येकी जाताना ५७, येताना ५७ आणि खोक्याचे १८, म्हणजे १३२. दोनाचे २६४. हे पोचलेल्या आठांवर वाटले तर प्रत्येकी ३३. म्हणजे सीओडीची खरी किंमत पार्सलमागे ४० नव्हे, ७३ रुपये.

साडी परत आली तर ती पुन्हा विकता येते. फराळ परत आला तर? आठ-दहा दिवस गोदामांतून फिरून आलेला चिवडा दुसऱ्याला देणं शक्यच नाही. ६०० च्या पार्सलमध्ये मालाची लागत ३६०, दोन पार्सलांचे ७२० बुडाले, आठांवर वाटले तर प्रत्येकी ९०. आता सीओडीचा खर्च १६३ रुपयांवर गेला. एवढे पैसे कोणी सीओडी फी म्हणून देणार नाही, आणि ते सगळ्यांच्या शिपिंगमध्ये मिसळले तर यूपीआयने आधी पैसे भरणारी प्रामाणिक गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या बदललेल्या मनाची किंमत मोजतात. याच्याइतका उघड अन्याय शिपिंगच्या हिशेबात दुसरा नाही.

खाण्याच्या वस्तूंना सीओडी ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नसेल तर शिपिंगचे पैसे आगाऊ यूपीआयने घ्यावेत आणि उरलेले सीओडीने. ७०-१०० रुपये भरलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही. टिकाऊ वस्तूंना सीओडी ठेवायचीच असेल तर तिची फी वेगळी दाखवावी आणि पाठवण्याआधी एक फोन करावा. पत्त्यात खूण विचारून घेतली तरी परत येणारी पार्सलं कमी होतात.

आधी सांगा, बिलात दाखवा

शेवटच्या पायरीवर अचानक ‘हँडलिंग ३० रुपये’ उगवलं की गिऱ्हाईक चिडतं, आणि कायदाही त्याच्याच बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, म्हणजे डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर असं सगळं दाखवावं लागतं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत आधी कमी दाखवून नंतर थेंबाथेंबाने वाढवणं त्यात अनुचित ठरवलं आहे. ‘शिपिंग एक्स्ट्रा’ एवढंच लिहून थांबू नका. किती एक्स्ट्रा तेही त्याच ओळीत लिहा.

जीएसटीचं थोडक्यात. कुरिअरच्या बिलावर १८ टक्के लागतो. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, म्हणून हिशेबात दर करासकटच धरा. नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाकडून घेतलेलं शिपिंग हा मालाच्याच पुरवठ्याचा भाग धरला जातो आणि मालाचा दर त्यालाही लागतो. चिवड्यावर ५ टक्के, तर त्याच्या शिपिंगवरही ५ टक्केच. शिपिंग करातून बाहेर ठेवून बिल करणं चुकीचं आहे, आणि तिथे कुरिअरचे १८ टक्के लावणंही.

एकाच गिऱ्हाइकाने सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी ऑर्डर दिली, तर दोन्ही एका खोक्यात घालून दुसऱ्या शिपिंगचे पैसे परत करावेत. न मागता परत आलेले ६०-७० रुपये गिऱ्हाईक विसरत नाही. माल फुटला किंवा चुकीचा गेला तर बदली पार्सलचा आणि परतीचा दोन्ही खर्च विक्रेत्याचा. तो गिऱ्हाइकाच्या शिपिंगमधून काढायचा नसतो, मालाच्या मार्जिनमध्ये त्यासाठी जागा ठेवायची असते. चकल्या पाठवणाऱ्यांनी ती जरा जास्तच ठेवावी.

दिवाळीत परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायच्या ऑर्डरी येतात, त्यांना वरचे दोन दर लागू होत नाहीत. तिथे प्रत्येक पार्सलचा दर वजन आणि खोका मोजूनच सांगावा. चिवड्याचं फुगलेलं वजन परदेशी दरात फार महाग पडतं, तेव्हा लाडू, शंकरपाळे, अनारसे असे घट्ट जिन्नस जास्त आणि चिवडा कमी असा डबा सुचवावा. अमेरिकेला पाठवताना आणखी एक गोष्ट आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तिथे असलेली आयात शुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. ते शुल्क शिपिंगमध्ये गुंडाळू नका. कुरिअरवाल्याकडून आकडा लेखी घ्या, मालाची किंमत, शिपिंग आणि शुल्क अशा तीन ओळी गिऱ्हाइकाला पाठवा, आणि त्याचा होकार आल्यावरच कढई चढवा.